कासारणीच्या बांबूवरचं कापड

ऐका मुलांनो, आणि मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, तुम्हीसुद्धा. गोष्ट इतकी जुनी आहे की तेव्हा नदीवर पूल नव्हते आणि चिमण्यांना बोलता येत होतं.

नदीकाठच्या एका गावात एक कासारीण पाणवठ्याच्या वाटेवर बांगड्या मांडून बसायची. लांबून दिसावं म्हणून तिनं बांबूवर लाल कापड बांधलं होतं. पहिल्या वर्षी ते बघून बायकांची नुसती झुंबड उडाली. मग गर्दी ओसरत गेली. वीस वर्षांनी तर दिवसदिवस एक हात तिच्यापुढे येईना. शेवटी तिनं ठरवलं, ही अमावास्या झाली की गाव सोडायचं. लग्न होऊन ती याच गावात आली होती. सोडायच्या नुसत्या विचारानं तिला रडू यायचं.

एके दिवशी गावातलीच बायजाक्का डोंगरापलीकडच्या जत्रेतून हातभर बांगड्या भरून आली. कासारणीनं विचारलं, "अक्का, मी इथं असताना डोंगर कशाला चढलात?"

बायजाक्का दचकली. "अगं बाई, तू अजून बसतेस होय इथं? मला वाटलं, कधीच गेलीस."

आणि ही बायजाक्का रोज दोन घागरी घेऊन तिच्यासमोरूनच जायची, बरं का!

कासारीण इरेला पेटली. तिनं दुप्पट मोठं लाल कापड लावलं. कुणी मान वळवली नाही. तिप्पट मोठं लावलं. एका म्हशीनं तेवढी त्या बांबूला पाठ घासली.

हताश होऊन ती शेजारच्या ज्वारीकडे बघत बसली. तिथल्या बुजगावण्याच्या डोक्यावर चिमण्या खुशाल गप्पा मारत होत्या. इतक्यात शेतकरी आला. त्यानं बुजगावण्याचा पांढरा सदरा काढून निळी बंडी चढवली, आणि काय सांगू, अख्खा थवा भुर्रकन बांधावर!

कासारणीनं एका चिमणीला विचारलं, "अगं, बुजगावणं तर तेच आहे. मग आज का घाबरलात?"

"असेल तेच," चिमणी म्हणाली. "पण रोजचं झालं होतं, म्हणून दिसतच नव्हतं. हा निळा कोण आलाय, ते बघायला नको? चार दिवसांनी त्याच्याही डोक्यावर बसू म्हणा."

कासारीण उठली ती पळतच घरी गेली. दुसऱ्या दिवशी बांबूवर पिवळंधमक कापड फडफडत होतं. वाटेवर घागरी थांबल्या, माना वळल्या, आणि बघता बघता तिच्यापुढे हातांची रांग लागली. पिवळ्याची नवलाई विरायच्या आत तिनं हिरवं लावलं, मग जांभळं, मग पुन्हा लाल. आता लालसुद्धा नवं दिसलं. अमावास्या कधी आली नि गेली, तिला कळलंच नाही. गाठोडं बांधायला सवड कुणाला होती?

बायजाक्कासुद्धा आली. हात पुढे करून म्हणाली, "बरं झालं बाई, नवा माल आणलास. आधीचा काही डोळ्यांत भरत नव्हता."

टोपली तीच होती, बांगड्याही त्याच होत्या. कासारीण "हो अक्का" म्हणाली आणि पुढची बांगडी चढवली.

तात्पर्य: रोजचं झालं की समोरचंही दिसत नाही, म्हणून माल चोख ठेवावा आणि रंग बदलत राहावा.