पापड लाटणारे गुरुजी

एकदा एका गावात एक वृद्ध गुरुजी राहत होते. बायकांनी चार बुकांवर थांबू नये, पदवीपर्यंत शिकावं, यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं. दारोदार हिंडले, शिव्या खाल्ल्या, आणि अखेर बायकांचं कॉलेज उभं केलं. पहिल्या वर्षी तीसजणी आल्या. पदवीच्या परीक्षेपर्यंत एकच टिकली. बाकीच्या कुठे गेल्या म्हणून काय विचारायचं, चुलीपुढेच गेल्या. टिकली ती द्वारका, एका कापडाच्या व्यापाऱ्याची सून.

परीक्षा दहा दिवसांवर आली आणि द्वारका पुस्तकं परत करायला आली.

"घरच्यांनी नको म्हटलं का?" गुरुजींनी विचारलं.

"नाही हो. मामंजी तर चारचौघांत अभिमानानं सांगतात. सगळे शीकच म्हणतात. तरी माझ्यानं होत नाही, म्हणजे माझंच डोकं कमी."

गुरुजींनी तिचे हात पाहिले. बोटं तेलकट, तळव्यांना लाटण्याचे फोड. त्यांनी पुस्तकं तिच्याच हाती परत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याच्या अंगणात वर्षाचे पापड चालले होते. सत्तरीचे गुरुजी आले, चपला काढल्या, हात धुतले, द्वारकेच्या हातातलं लाटणं घेतलं आणि तिच्या जागी बसले.

"तू आत जा. पुस्तक काढ."

बायका बघतच राहिल्या. सासूबाईंनी त्यांचा पहिला पापड उचलला. "गुरुजी, हा पापड आहे की नकाशा?"

"पहिलाच आहे, वहिनी. संध्याकाळपर्यंत गोल होईल."

व्यापारी लगबगीनं बाहेर आला. "गुरुजी, लोक काय म्हणतील? आम्ही कधी सुनेला नाही म्हटलं का?"

"तेच तर अवघड झालंय, शेठजी. नाही म्हणणाऱ्याशी मी तीस वर्षं भांडलो, ती वाट मला ठाऊक आहे. तुम्ही हो म्हणालात आणि तिच्या हातचं एक काम कमी केलं नाहीत. उद्या ती नापास झाली, की म्हणाल, बाईची बुद्धीच तेवढी. तीही आता तेच म्हणायला लागली आहे. अनुमती तोंडानं देता येते. वेळ मात्र कुणाला तरी स्वतःच्या अंगातून काढून द्यावा लागतो. आज माझ्या अंगातून काढतोय."

मग सासूबाईंनी पिठाचा गोळा बत्त्यासकट नवऱ्यापुढे सरकवला.

"कुटा. आणि नीट कुटा, नाहीतर पापड तडकतात."

व्यापाऱ्यानं एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा गुरुजींच्या नकाशाकडे. मग बाह्या सावरून खाली बसला.

दाराआड उभ्या द्वारकेनं सगळं ऐकलं होतं. तिनं तेलकट बोटं पदराला पुसली आणि काल मिटलेलं पान उघडलं.

घरात कुणाला तुम्ही 'शीक बाई' म्हणाला असाल, तर तिच्या हातातलं कोणतं काम तुमच्या हातात आलं, तेवढं आज बघा.