किटलीतलं मीठ

टिळवेसाहेबांच्या काचकारखान्यात साहेबांच्या बुटांचा आवाज आला, की माणसं श्वास रोखून उभी राहायची. गेल्याच महिन्यात भट्टीवरचा दाजी "झोप लागत नाही, छातीत धडधडतं," एवढंच बोलला, तर साहेबांनी त्याला सगळ्यांदेखत दिवसभर फाटकाशी उभं केलं होतं.

आणि आज कामगारांच्या मनावरचा ताण तपासायला सरकारी बाई आल्या होत्या. साहेबांनी चाळीसच्या चाळीस जणांना समोर उभं केलं.

"माझी भीती वाटते का रे कुणाला?"

"नाही, साहेब!"

"लिहा बाई, शून्य!"

चहा करणाऱ्या सुलभावहिनी हे ऐकून आत गेल्या. त्यांनी किटली आणली. साहेबांना त्यांचा नेहमीचा बिनसाखरेचा कप दिला आणि कामगारांना किटलीतला चहा ओतला.

"कसा आहे रे चहा?" साहेबांनी बाईंकडे बघत विचारलं.

"फक्कड, साहेब!" चाळीस जण एका सुरात म्हणाले.

"यातला एक घोट घ्या, साहेब," म्हणत वहिनींनी दाजीचा कप पुढे केला.

साहेबांनी घोट घेतला आणि तिथंच थुंकला. "मीठ घातलंय यात!"

"मुद्दाम घातलं. ज्या तोंडांनी हा चहा फक्कड म्हटला, साहेब, त्याच तोंडांनी 'भीती नाही' म्हटलं."

बाईंनी शून्य खोडून चाळीस लिहिलं.

"एक्केचाळीस करा, बाई," वहिनी म्हणाल्या. "माझेही पाय लटपटतायत."