धुरपदेची सैल गाठ

फार फार मागची गोष्ट. नांदरखेडच्या ओढ्याकाठी धुरपदा नावाच्या बाईचा हातभर मळा होता, आणि ती म्हणे कधी बसतच नसे. पहाटे गवार तोडायची, घेवडा तोडायची, आणि पानांवरचं दव सुकायच्या आत पाटी घेऊन दारोदार फिरायची. ज्या दिवसांत जे येईल तेच. भादव्यात काकडीच्या जातीचं वाळूक, थंडीत मेथी नि बोरं. तिचं वाळूक एका घरात चिरलं की वास तिसऱ्या घरात जायचा, असं म्हणतात.

"अगं, टेक की जरा! जमीन काय चावती का तुला?" बाया चिडवायच्या.

"मी टेकले की वेल टेकत्यात," ती म्हणायची, आणि निघालीसुद्धा.

वेलावरचं पहिलं वाळूक ती बियाण्यासाठी राखायची. देठाला लुगड्याची चिंधी, गच्च गाठ; ती सोडल्याशिवाय ते तोडायचं नाही, अशी रीत. सगळ्या गावाचं बी त्यातूनच यायचं. म्हणून येसाजी पाटलानं दवंडी पिटवलेली: चिंधीच्या वाळकाला हात लावील, तो वेशीबाहेर.

मग एका वर्षी पावसानं पाठ फिरवली. वेलामागून वेल वाळला. उरलं एकच वाळूक, चिंधीचं, तेही अजून हिरवंगार. धुरपदा त्याच्याभोवती फिरत राहिली. ओंजळीनं पाणी घालायची, पुन्हा फिरायची. पान हललं तरी दचकायची.

तशात पाटलाची नात ठकी तापानं फणफणली. पाच दिवस पोटात कण नाही. सहाव्या दिवशी म्हातारा स्वतः बांधावर आला. वेलाकडे त्यानं पाहिलंच नाही.

"पोरगी वाळूक वाळूक करती," एवढंच म्हणाला.

"बी अजून दुधात हाय, पाटील. आत्ता तोडलं तर पुढल्या साली पेरायचं काय?"

"ठावं हाय," म्हातारा म्हणाला, पण त्याचे पाय काही हलले नाहीत.

धुरपदेनं गाठ सोडायला घेतली. सुटेचना! नखं मोडली. दातांनी ओढली, ओठातून रक्त आलं. एवढ्या वेळात पोरीचं काही झालं तर, या धास्तीनं तिची बोटं गाठीवरून निसटत होती. शेवटी सुटली.

ठकीनं पहिली फोड चोखली आणि डोळे उघडले. तिसऱ्या फोडीला ताप उतरला, असं म्हणतात.

गाव मात्र खवळलं. "गावाचं बी घालवलं हिनं! काढा वेशीबाहेर!" पाटील मान खाली घालून उभा राहिला. धुरपदेनंही त्याचं नाव घेतलं नाही. "आणते बी," म्हणाली, पदर खोचला आणि चालू लागली.

कुठवर गेली, कुणालाच माहीत नाही. परत येताना तिला कुणी पाहिलं नाही. पण पुढल्या पावसात, वेशीपासून ओढ्यापर्यंत, वाटेच्या कडेनं वाळकाचे वेल उगवले. पावलागणिक एक. फाटक्या ओच्यातून बी सांडत, कुठेही न थांबता ती गावातून निघून गेली असावी, असं म्हणतात.

ते वेल पाहून येसाजी पाटील वेशीत मटकन बसला आणि सगळ्यांदेखत बोलला, "मीच मागितलं होतं."

अजूनही नांदरखेडात भादव्यातलं पहिलं वाळूक कुणी बसून खात नाही. आज्यासुद्धा भिंतीला धरून उभ्या राहतात. बिया वाटेच्या कडेला टाकतात. बियाण्याच्या वाळकाला चिंधी अजून बांधतात. फक्त गाठ सैल ठेवतात, घाबरलेल्या हातानंही एका ओढीत सुटेल इतकी.