मदरबोर्डाला परका हात नको!

"हात लावलास तर दुकान गेलं म्हणून समज!" महाराज ओरडले.

"मग काय लांबून फुंकर मारून दुरुस्त करू?" मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडले.

तडकेगडच्या दरबारात सकाळपासून हेच चाललं होतं. मधोमध काचेच्या पेटीत महाराजांचा नवा कोरा संगणक, आणि तो सुरू व्हायचं नाव घेत नव्हता. संध्याकाळी पिंपळगडच्या राजाशी संगणकावरच्या खेळातली लढाई ठरलेली. यंत्रच सुरू झालं नाही, तर महाराज पळपुटे ठरणार! आणि ते जोडलं होतं मी, वेशीजवळच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या हौसाबाईने.

मी शाळेत एकच दिवस गेले, तोही तिथला पंखा दुरुस्त करायला. जे शिकले ते यंत्रं उघडून. पहिले सात रेडिओ मी कायमचे गप्प केले, आठवा बोलला, त्या दिवसापासून मी गप्प बसलेले नाही.

सगळा घोळ माझ्याच जिभेने केला होता. काल मदरबोर्ड खोक्यातून काढला तेव्हा दरबार बघत राहिला. काय रूप त्याचं! काळा कुळकुळीत, अंगावर जाड धातूचे उष्णता शोषणारे ठोकळे, मोठ्या कार्डाच्या खाचेला पोलादी कड, मेमरीच्या पट्ट्यांना चार खाचा, आणि पंगतीत वाढपी फिरावेत तसे प्रोसेसरला वीज वाढणारे वीस भाग. वीज मिळाली की सात रंगांत उजळतो. कोपऱ्यात दोन आकड्यांची छोटी पाटी. यंत्राचं काही दुखलं, तर ते तिथे आकड्यात सांगतं.

महाराजांनी विचारलं, "मदर म्हणजे?"

इंग्रजी दाखवायची संधी मी सोडते होय! "आई!" मी ठणकावून सांगितलं.

झालं. महाराज हळवे झाले. मदरबोर्ड पाटावर ठेवून मी पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, मग त्यावर संगणकाचे बाकीचे सगळे भाग बसवले. काच लावली, आणि महाराजांनी फर्मान काढलं, "ही आमची आई. आजपासून हिला परका हात लागणार नाही!"

आणि आज ही आई डोळे उघडेना.

"संध्याकाळच्या आत सुरू कर," महाराज म्हणाले. "परका हात न लावता. नाही जमलं तर वेशीजवळचं दुकान उचल आणि गड सोड!"

मी पदर खोचला आणि पेटीकडे गेले.

काचेला नाक लावून मी पाटी वाचली. पंचावन्न! क्षणभर वाटलं, यंत्राने माझं वय ओळखलं, पंधरा वर्षं कमी करून. तेवढ्यापुरतं ते मला फार आवडलं. मग सोबतची पुस्तिका काढली, अक्षराला अक्षर जोडत वाचली आणि म्हणाले, "महाराज, हिची मेमरी बसलेली नाही."

"तुझीच बसलेली नाही!" महाराज म्हणाले. दरबार खिदळला.

"माझी कधीचीच उठून गेली! पण हिच्या मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढून परत बसवाव्या लागतील."

दिवाणजींनी मिशी सावरली. "परका हात नको, बाई."

"नकोच! आई आजारी पडली, तर तिचे पाय परक्याने चेपायचे की लेकाने?"

महाराज दिवाणजींकडे बघायला लागले, दिवाणजी छताकडे.

"आम्ही... स्वतः?" महाराजांनी विचारलं.

"आई तुमची आहे ना? का कालपुरतीच होती?"

महाराज ताडकन उठले. मी लांब उभी राहून सांगत गेले. आधी वीज बंद. काच बाजूला. टोकाचा चाप दाबा. पट्टी सरळ वर ओढा. अहो, सरळ! तलवार नाही ती! महाराजांना घाम फुटला, पण दोन्ही पट्ट्या बाहेर आल्या.

"आता खाचा झाडा."

महाराजांनी फेट्याचा तुरा काढला आणि हळूच झाडलं. एका खाचेतून काहीतरी टपकन त्यांच्या तळहातावर पडलं.

"आता पट्टी दाबा. टक् आवाज येईपर्यंत!"

टक्! टक्! बटण दाबलं. पाटीवर आकडे भराभर पळाले, सात रंग उजळले आणि पडद्यावर लढाईचं मैदान उभं राहिलं. दरबार टाळ्या पिटत होता. मी पदर सारखा करून बक्षिसासाठी हात पुढे केला.

"थांब!" महाराजांनी मूठ उघडली. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा. "हा आमच्या आईच्या घशात कुणी घातला?"

दिवाणजींना तेवढंच हवं होतं. "अक्षता बाईंनीच टाकल्या, महाराज! आणि पट्ट्याही त्यांनीच बसवल्या!"

खरंच होतं. डोळ्यांवर चष्मा लावला तर लोक म्हातारी म्हणतील, म्हणून तो काल दिवसभर माझ्या कमरेच्या पिशवीत होता. पट्टी दाबताना टक् झालं नव्हतं. मला वाटलं, कानांचा दोष. सगळा गड माझ्याकडे बघत होता आणि मला दुकानाची फळकुटं रस्त्यावर दिसत होती.

तरी मी बोलले. एकच वाक्य बोलले, आणि ते ऐकून महाराज इतके हसले, की फेटा सुटून मांडीवर आला. दुकान कायमचं माझ्या नावे केलं, वर सोन्याच्या काड्यांचा चष्मा दिला आणि तो सगळ्यांसमोर डोळ्यांवर चढवायला लावला. मी एवढंच म्हणाले होते:

"आई पहिल्यांदा घरात आली म्हणून मी तिची ओटी भरली, महाराज; पण आईच ती, तिने स्वतः दाणा खाल्ला नाही, लेकाच्या हातावर ठेवला!"