बुडालेल्या पायऱ्या

आगबोटींच्या काळात बांधलेल्या एका दगडी धक्क्याशेजारी एकदा सिमेंटचा नवा धक्का उभा राहिला.

"आजोबा, तुमच्या निम्म्या पायऱ्या कायम पाण्यात, शेवाळाने बरबटलेल्या," नवा हसला. "मी बघा कसा उंच, कोरडा! नारळी पौर्णिमा झाली की तुम्हाला फोडून माझ्या रस्त्याला खडी करणार आहेत."

जुना धक्का पायऱ्यांवर लाटा झेलत राहिला.

पौर्णिमेच्या संध्याकाळी सोनेरी कागदातला नारळ मिरवत अख्खा कोळीवाडा वाजतगाजत नव्या धक्क्यावर आला. वेळ नव्या धक्क्याच्या उद्घाटनाला आलेल्या साहेबांच्या सोयीने ठरली होती, भरतीला कोणी विचारलंच नव्हतं. पाणी पार खोल गेलेलं, खाली नुसता चिखल.

"नारल दर्याला द्यायचाय का चिखलाला?" धर्मा तांडेल कडाडला. "चला जुन्या धक्क्यावर!"

तिथे बुडालेल्या पायऱ्या एकेक करून वर आल्या होत्या, थेट पाण्यापर्यंत. म्हाताऱ्याकोताऱ्यासुद्धा हात धरून उतरल्या. नारळ लाटेवर डोलत निघाला, तशी सगळी खाडी वाद्यांनी दुमदुमली.

"याच्या एका दगडाला हात लावून बघा!" धर्माने साहेबांना बजावलं.

गर्दी पांगल्यावर नव्या धक्क्याने हळूच विचारलं, "आजोबा, एवढ्या खोल पायऱ्या कोणी बांधल्या?"

"ओहोटी पाहिलेल्यांनी," जुना म्हणाला.