मधली जागा

स्पीकर मोठ्या लाकडी पेटीत राहत, त्या काळची ही गोष्ट. दिगंबरपंतांकडे अशी एक जोडी होती. नजर शाबूत होती तेव्हा त्यांनी खुर्चीपासून सुतळी धरून दोघांना सारख्या अंतरावर बसवलं होतं. आता त्यांना अंधुकच दिसे. पण वारलेल्या बायकोच्या गाण्याची कॅसेट लावली, की ती समोर मधोमध बसून गाते आहे असं त्यांना वाटे.

डाव्या स्पीकरला ते सलत होतं. “पंत रोज त्या रिकाम्या जागेकडे बघतात. माझ्याकडे कधी बघणार?”

“अरे दादा, ती जागा आपण दोघं मिळूनच भरतो,” उजवा म्हणाला.

“तू बस भरत.”

तबल्याच्या ठेक्यासरशी थरथरत डावा रोज थोडा खुर्चीकडे सरकू लागला. शेवटी सगळं गाणं त्याच्याच बाजूने येऊ लागलं. तो हरखला.

पंत मात्र मधेच बघत राहिले. “कुमुद, उठून गेलीस का गं?” त्यांनी विचारलं. जरा वाट पाहून त्यांनी कॅसेट बंद केली आणि दोन्ही स्पीकरवर चादरी टाकल्या. त्या पुन्हा निघाल्या नाहीत.

“दादा, सरक ना मागे,” उजवा हळूच म्हणाला.

डाव्याने खूप जोर लावला. पण आता तबला वाजत नव्हता.