चांगुणाची टोपली आणि काचेचा हौद

ऐका, लहानथोर हो. ही गोष्ट फार फार जुनी आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही. राज्य खाडीकाठी होतं, एवढं मात्र खरं.

तिथल्या राजाला एकच मुलगी होती, नऊ वर्षांची. लांबलेल्या तापाने तिच्या पायांतली ताकद गेली. वर्षभर तिने चालायचं नाही, असं वैद्यांनी सांगितलं. खाडीच्या धक्क्यावर बसून पाण्यातले मासे बघत राहणं हा तिचा जिवाभावाचा खेळ होता. तो सुटला आणि पोर खिडकीशी गप्प बसून राहू लागली.

राजाने बागेचा कारभारी हरपाळ याला बोलावलं. हरपाळ कामाचा माणूस होता. त्याने लावलेलं रोप सहसा मरत नसे, आणि लोकांनी वाहवा करण्याची त्याला सवय लागली होती.

"खाडी तिच्या खोलीत आणता येईल का?" राजाने विचारलं.

"येईल, महाराज. वसंतोत्सवाच्या आधी आणतो," हरपाळ म्हणाला. उत्सवाला पंधरा दिवस उरले होते.

कारागिरांनी काचेचा मोठा हौद बनवला. आता हरपाळाला माशांतलं काही कळत नव्हतं. म्हणून तो बाजारात चांगुणा नावाच्या कोळणीकडे गेला. तिचा जन्म खाडीवर गेला होता. कुठला मासा कुठल्या दगडाआड राहतो, हे तिला आपल्या आळीतल्या घरांसारखं ठाऊक होतं.

"काळुंदर आणा," चांगुणा म्हणाली. "अंगावर पट्टे असतात, दिसायला देखणा. पण कारभारी, तो मासा घर करून राहणारा आहे. प्रत्येक जोडीला आपला कोपरा लागतो. कोपरा नसला की मारामारी. तळाला रेती घाला, दगड रचा, आणि फुटकी मडकी आडवी ठेवा. त्यांना आत शिरायला जागा पाहिजे."

"राजवाड्यात फुटकी मडकी?" हरपाळ हसला.

"माशाला राजवाडा कळत नाही," ती म्हणाली. "आणि पाणी भरल्या भरल्या मासे सोडू नका. खाडीचं पाणी, खाडीची रेती, शेवाळलेले दगड घालून महिनाभर तसंच राहू द्या. पाणी मुरलं पाहिजे. मग एकच जोडी सोडा. ती रुळली की दुसरी. गरीब स्वभावाचे मासे तर त्यांच्यात घालूच नका."

हरपाळाने मान डोलावली. तिच्याकडून त्याने चाळीस मासे मागवले. कशाला एवढे, असं तिने दोनदा विचारलं. "ते मी बघतो," तो म्हणाला.

त्याला महिनाभर थांबायचं नव्हतं. दगडांनी मासे झाकले जातील, म्हणून त्याने दगड घातले नाहीत. मडक्यांचं तर त्याने नावच काढलं नाही. हौद घासूनपुसून लख्ख केला, पाणी भरलं, आणि चाळीस काळुंदर एकाच दिवशी सोडले. शोभेला म्हणून बागेतल्या तळ्यातले पंधरा सोनेरी मासेही सोडले.

वसंतोत्सवाला पाहुणे आले. हौद पाहून सगळे थक्क झाले. राजकन्या किती दिवसांनी हसली. राजाने हरपाळाच्या खांद्यावर शेला घातला. हे शिकवलं कुणी, असं एका पाहुण्याने विचारलं, तेव्हा हरपाळ म्हणाला, "माझं मीच जमवलं."

चौथ्या दिवशी सोनेरी माशांची शेपटं कुरतडलेली दिसली. सहाव्या दिवशी काळुंदर एकमेकांना कोपऱ्यात दाबू लागले. ज्याला पळायचं होतं, त्याला लपायला एक दगडही नव्हता. पाणी दुधासारखं गढूळ झालं. आठव्या दिवशी राजकन्येने पाहिलं, तर निम्मे मासे पोट वर करून तरंगत होते. ती रडली नाही. तिने नुसतं तोंड भिंतीकडे फिरवलं.

पाहुणे अजून मुक्कामाला होते. भर दरबारात राजाने विचारलं, "असं कसं झालं?"

हरपाळाच्या खांद्यावर अजून तो शेला होता. त्याच्या तोंडून निघालं, "महाराज, कोळणीने रोगट मासे दिले."

एवढंच तो बोलला. पण ते संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं. दुसऱ्या दिवशी चांगुणाच्या टोपलीपुढे कुणी थांबलं नाही. शेजारच्या कोळणींनी आपल्या टोपल्या तिच्यापासून लांब सरकवल्या. राजवाड्याचं दार तिला बंद झालं.

राजकन्येला दुसऱ्या खोलीत हलवलं, आणि हौद रिकामा करायचं काम हरपाळाकडेच आलं. मेलेले मासे काढायला त्याने पाण्यात हात घातला, आणि काहीतरी त्याच्या बोटाला येऊन धडकलं. एक काळुंदर होता. त्याचे पर फाटलेले होते, एक डोळा गेला होता. त्याच्या मागे हौदाच्या काचेला मोहरीएवढी अंडी चिकटलेली होती, आणि मादी आपल्या परांनी त्यांना वारा घालावा तसं पाणी घालत होती. हरपाळाने पुन्हा हात पुढे नेला. तो नर पुन्हा धडकला.

हरपाळाने हात बाहेर काढला. त्या जोडीला एवढंसं काही राखायचं होतं, आणि त्यासाठी लागणारी जागा त्याने दिली नव्हती. चांगुणाने सांगितलेला शब्द न् शब्द त्याला आठवला. कानाच्या पाळ्या तापल्या. खोलीत कुणी नव्हतं, तरी त्याला मान वर करवेना.

बाकीचे जिवंत काळुंदर त्याने खाडीत सोडले, आणि ती जोडी एका मडक्यात खाडीचं पाणी घेऊन त्यात ठेवली. अंडी मात्र वाचली नाहीत.

मग तो बाजारात गेला. दुपार टळली होती, आणि चांगुणाची टोपली सकाळसारखीच भरलेली होती.

"चांगुणाबाई, चूक माझी होती. मला माफ करा," तो हळू आवाजात म्हणाला. आजवर त्याने तिला कधी बाई म्हटलं नव्हतं.

चांगुणाने टोपलीवरच्या माशा हाकलल्या. "इथे माझ्या कानात सांगून काय उपयोग, कारभारी? मला तर ते आधीच ठाऊक होतं. जिथे माझं नाव घेतलंत, तिथे बोला."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. पाहुणे बसलेले होते. हरपाळाने शेला उतरवून राजाच्या पायाशी ठेवला आणि सगळं सांगितलं. मडक्यांना हसलो तेही सांगितलं, आणि सगळं माझं मीच जमवलं असं म्हणालो होतो, तेही. कुणी त्याच्या मदतीला आलं नाही.

राजाने पायाशी ठेवलेला शेला उचलला. मग म्हणाला, "त्या बाईला मी एका शब्दाने विचारलं नाही. दार मी बंद केलं. खाली बघायची पाळी माझीही आहे."

राजा स्वतः बाजारात गेला आणि चांगुणाला म्हणाला, "मुलीसाठी हौद लावून द्याल का?"

"पोरीसाठी लावते," चांगुणा म्हणाली. "पण महिना लागेल. आणि पाणी वाहायला कारभारी पाहिजेत."

हरपाळाचं पद राजाने काढून घेतलं होतं. त्याने कावड घेतली. कुंभारवाड्यातली फुटकी मडकी डोक्यावर घेऊन तो भर बाजारातून चालत आला, तेव्हा लोक बघत राहिले. रेती पडली, दगड रचले गेले, मडकी आडवी झाली. महिनाभर हौदात नुसतं पाणी होतं. राजकन्या रोज विचारायची, "आज मुरलं का?" चांगुणा पाणी हातावर घेऊन हुंगायची आणि म्हणायची, "अजून नाही, बाय."

महिन्याने त्यात मडक्यात जपलेली ती एकच जोडी सोडली. एकडोळ्या नराने सगळी मडकी फिरून पाहिली आणि कडेचं एक धरलं. पुढे त्या मडक्यातून पिल्लांचा धुरळा बाहेर पडला, आणि दोघं आईबाप त्याच्या दोन्ही बाजूंना पोहू लागले. राजकन्या तासन् तास काचेला नाक लावून बसायची.

हरपाळाने आणखी एक केलं. दर बाजारच्या दिवशी तो चांगुणाच्या टोपलीशेजारी उभा राहू लागला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगायचा, "हिचे मासे चांगले होते. खोटं मी बोललो होतो."

गिऱ्हाईक परत आलं. सगळं मात्र आलं नाही. काही वर्षं उलटल्यावरही एखादी बाई टोपलीतला मासा उचलायची, कल्ले उघडून पाहायची, हुंगायची आणि परत ठेवून पुढे जायची. चांगुणा तो मासा नीट लावून ठेवायची. शेजारी उभा असलेला हरपाळ तेव्हा जमिनीकडे बघायचा.

लहानथोर हो, या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: आपली चूक दुसऱ्याच्या नावावर टाकायला एक वाक्य पुरतं, पण ते नाव पुन्हा स्वच्छ करायला सगळा जन्मही पुरत नाही.